घागरीभोवतीचं पीठ

माझं शिक्षण चौथीपर्यंत. अक्षर वाकडं आहे, ऱ्हस्व-दीर्घही चुकतं, तेवढं सांभाळून घ्या. भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता. अंगात येणाऱ्या बायका बघून मी पदराआड हसायची. म्हणूनच हे घरात कुणाला सांगायची लाज वाटली...

निजामाच्या राज्यातली गोष्ट. आमचं गाव खजुरी, आळंद तालुक्यात. घरधनी गुलबर्ग्याला डाळीच्या गिरणीत कामाला. त्या थंडीत ते खोकत घरी आले आणि तसेच परत गेले. मागून सासूबाई, मी आणि माझी लहानगी सुंदरा — तिघी तापाने आडव्या झालो. म्हाताऱ्यांनी लगेच त्या जुन्या साथीचं नाव घेतलं, मानमोडी. माझ्या लहानपणी तिने घरंच्या घरं रिकामी केली होती. सगळं घर एकदम पडायचं, पाणी द्यायला कुणी उठायचं नाही, आणि माणसं तहानेनेच जायची म्हणतात. त्या भीतीने याही वेळी कुणी कुणाच्या दारात येईना.

आमची घागर रिकामी, विहीर लांब. सुंदरा नुसती ओठांवरून जीभ फिरवायची. एका सकाळी बघते तर चुलीपाशी घागर काठोकाठ भरलेली.

माझा संशय शेजारच्या नागम्मावर गेला. मागच्या मानमोडीत तिचं सगळं घर गेलं, ती एकटी उरली. तिनेच घर खाल्लं असं गाव म्हणायचं, तिच्या हातचं पाणी कुणी घेत नसे.

"पोरीला देऊ नकोस ते," सासूबाई म्हणाल्या. "ती फुकट कामून देईल? तिच्या घरातलं मरण आपल्या घरात घालायलीय."

मी पाणी बाहेर ओतून दिलं. दिवसभर सुंदरा रडली, संध्याकाळी रडायचीही थांबली. दुसऱ्या सकाळी घागर पुन्हा भरलेली! या खेपेस मी सासूबाईंकडे पाठ केली आणि पोरीला पाजलं.

पण संशय जाईना. आमच्याकडे माणूस गेलं की त्या जागी पीठ पसरून टोपलीखाली झाकतात, कुणाची पावलं उमटली ते बघतात. मी भिंत धरत उठले आणि घागरीभोवती ज्वारीचं पीठ पसरलं.

सासूबाईंनी अंथरुणातून बघितलं. "जित्या पोरीच्या घरात पीठ पसरायलीस? कुणाला बोलवायलीस?"

मी पीठ पुसलं नाही. सकाळी घागर भरलेली. पीठ जसंच्या तसं — पाऊल नाही, पाण्याचा थेंब नाही. दाराला कडी आतून.

चालण्याएवढं बळ आलं तशी नागम्माकडे गेले, भांडायलाच. ती तापाने पडलेली, पाय सुजून खांबासारखे. ती जागची हलली नव्हती हे दिसतच होतं. उशाशी तिची घागर... भरलेली.

"आलीस व्हय माय," ती म्हणाली. "रोज पाणी ठेवून जातीस, बोलत कामून न्हाईस?"

"अक्का, मी न्हाई ठेवलं."

मी तिच्याकडे जशी संशयाने बघायची, तशीच ती माझ्याकडे बघत राहिली. मग विचारलं, "पोरगी?"

"हाय. भाकर मागायलीय."

तिने तांब्या भरून पुढे केला. मी तिथेच बसून प्याले.

सुंदराला आता नातवंडं आहेत. ते पाणी कुणी भरलं, मला आजही ठाऊक नाही. नागम्माला विचारावं तर मरेपर्यंत तिचा संशय माझ्यावरच होता.