मालकांच्या घरचा चहा

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर मी मालकांचं नाव घेतो, आणि ते मोठ्याने घेतो. त्या काळी सोलापुरात मालकांनी मान हलवल्याशिवाय म्युनिसिपालटीचा कंदीलसुद्धा पेटत नसे. कुणी त्यांना पेठेचा राजा म्हणे, कुणी लुच्चा म्हणे. दोन्ही खरं होतं. हल्ली शिकलेली माणसं त्यातलं दुसरं तेवढंच सांगतात, म्हणून हे लिहायला बसलो.

मालक मूळचे गिरणीतले जॉबर, म्हणजे कामगार भरणारे मुकादम. पुढे म्युनिसिपालटीवर निवडून आले, पण अध्यक्ष कधी झाले नाहीत. "खुर्चीत ढेकणं लई असत्यात," म्हणायचे. अध्यक्ष कोण व्हायचं, हे मात्र त्यांच्या ओट्यावर ठरे. सकाळी गिरणीचा भोंगा झाला की धोतर आणि बंडी अशा थाटात ते तिथे येऊन बसत. विणकरांशी तेलुगूत बोलत, अक्कलकोटच्या व्यापाऱ्यांशी कानडीत, बागवानांशी दखनीत. आणि रागावले की तिन्ही एकत्र करत. त्यामुळे आपल्याला नेमकी कोणती शिवी बसली, हे समोरच्याला घरी जाऊन विचारावं लागे. घरपट्टी भरणाऱ्यालाच तेव्हा मत असे. कर भरा म्हणून दारोदार दमदाटी करणारा पुढारी मी दुसरा पाहिलेला नाही. "पट्टी भर की लेका! पट्टी न्हाय तर मत न्हाय, आन् मत न्हाय तर तुज्या गल्लीत नळ कशाला यील?" नळ आला. मतांसाठी आला, मला मान्य आहे. पण पाणी आलं. त्याआधी सज्जनांच्या कारभारात तिथे फक्त आश्वासनं येत होती.

एवढ्या दांडग्या माणसाला 'नाही' मात्र म्हणता येत नसे. त्यावर त्यांनी चहाचा तोडगा काढला होता. काम होणार असलं की "ऊठ, नीघ, का बसलाय?" म्हणून हाकलून देत. होणार नसलं की आत वळून ओरडत, "पाव्हण्यास्नी चहा टाका गं!" पेठेला हे ठाऊक होतं. आत कपबशी वाजली की बाहेर बसलेल्या बायका डोळ्यांना पदर लावत. बाहेरगावचे अधिकारी मात्र दोन-दोन कप पिऊन खुशीत जात आणि महिनोन्महिने वाट पाहत.

माझे वडील मोहोळकडचे, मेंढरं राखणारे. मी मॅट्रिक झाल्यावर ते मला घेऊन ओट्यावर आले. पुण्याच्या कॉलेजात सोय करा, एवढंच मागणं.

"इंग्रजी येतंय का रं?" मालकांनी विचारलं.

"येतंय, मालक."

"मग शीक. सायेब मला काय म्हनतो ते खरं सांगनारा आपला मानूस पायजे. उठा आता, का बसलाय?"

रस्त्यावर येताच वडिलांनी मला मिठी मारली. "चहा न्हाय दिला की रं!"

बी. ए. होऊन परतलो तेव्हा मालक मला कलेक्टरसाहेबांकडे घेऊन गेले. बंगल्यांकडचे नळ सोडून विणकरांकडे आधी का, यावरून साहेब लालबुंद होऊन बोलले. मी भीत भीत सांगितलं, "साहेब म्हणतात, आपण जरा हट्टी आहात."

"एवढा लाल झालाय, आन् नुसता हट्टी म्हनला व्हय? नीट सांग."

"लुच्चा म्हणाले, मालक."

मालक प्रसन्न झाले. "त्येला सांग, हाय लुच्चा. पर नळ हितंच बसनार."

मी ते शब्दाला शब्द सांगितलं. आयुष्यात माझ्या पदवीचा इतका चांगला उपयोग पुन्हा झाला नाही.

म्युनिसिपालटीच्या शाळेत माझी नेमणूक मालकांच्याच शब्दाने झाली. पुढे ते निवडणूक हरले आणि नव्या अध्यक्षांनी, ते वकील होते, मला बंगल्यावर बोलावलं.

"मास्तर, तुमची नेमणूक त्यांनी दडपण आणून करवली, एवढं लिहून द्या. आम्हाला त्यांच्यावर खटला भरायचाय. तुमची नोकरी शाबूत राहील." आणि आत वळून म्हणाले, "चहा आणा."

सवयीने मी उठून उभाच राहिलो. "असू दे साहेब. काम होणार नाही, कळलं."

"अहो, काम तुम्ही करायचंय!"

तेव्हा माझ्या लक्षात आलं. आलेला कप मी उचलला आणि दोन्ही हातांनी त्यांच्यापुढे ठेवला. "मग हा तुम्ही घ्या. आमच्या पेठेत 'नाही' असंच म्हणतात."

त्याच आठवड्यात नोकरी गेली. मोहोळला परतल्यावर मालकांना पत्र लिहिलं, ते असं:

"तीर्थस्वरूप मालक यांना शिरसाष्टांग नमस्कार वि. वि. तुमच्याविरुद्ध लिहून दिलं नाही. नोकरी गेली. 'शिकवून गाढव केलं' म्हणाल, तर म्हणा. इथल्या शाळेत एक जागा आहे; तिच्यासाठी कुणाकडे शब्द टाकू नका, हात जोडून सांगतो. वडील म्हणतात, बरं केलंस. आई अजून बोलत नाही. हल्ली ओट्यावर कुणी फिरकत नाही, असं ऐकलं. रविवारी सकाळच्या गाडीने येतो. काम काही नाही. नुसता बसायला येतो."