यादीतलं पाचवं घर

मंडळी, इंदिरानगरच्या सायबर कॅफेत बसलेय. तासाभरापूर्वीच गावाहून, पेठहून परत आले.

लोकप्रशासनाच्या एम.ए.साठी आमच्याच गावात रेशनचा सर्व्हे करतेय. यादीतलं दर पाचवं घर घ्यायचं, त्यात आज आमचंच आलं. आई पदर सावरून समोर बसली. मी आधी फॉर्मवरच्या सूचना वाचून दाखवल्या, मग विचारलं, "घरात माणसं किती?"

"दोन. मी आन तुझा बा."

"आणि मी?"

"सहा महिने बाहेर असलं तर धरायचं नाय. तूच वाचलं ना आता."

बरोबरच होतं. मी 'दोन' लिहिलं, तिचा अंगठा घेतला आणि दहाव्या घरी गेले.

तेव्हापासून दुसरं काही सुचत नाहीये. शिकायला बाहेर राहणाऱ्यांनो, तुमच्या घरी हा फॉर्म भरला तर आकड्यात तुम्ही असाल का?