आमची म्हैस आणि दादाचा वायरमनचा कोर्स

आमची पिठाची गिरणी आहे. गिरणीत दळणापेक्षा बोलणं जास्त होतं. डबा लाईनीत ठेवला की माणसाला दुसरं कामच उरत नाही, मग तो दुसऱ्याच्या घरचं बघू लागतो. शाळेतून आल्यावर डब्यांवर खडूने नंबर घालायचं काम माझं. मी बोलत नाही, त्यामुळे माझ्यासमोर सगळे मोकळेपणी बोलतात. दोन वर्षांत किस्से इतके साठले, की पिठासारखे झटकले तरी जात नाहीत!

दोन वर्षं विषय एकच होता. माझा दादा, म्हणजे दत्तू, मॅट्रिक झाला आणि नगरला आय.टी.आय.मध्ये वायरमनचा कोर्स करतो म्हणाला. फी नावापुरती होती. पण खोली, खाणावळ, हत्यारं, खाकी ड्रेस, एस.टी., हे सगळं धरलं तर घरात विकण्यासारखी एकच गोष्ट होती. आमची चंद्री म्हैस.

अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, तसं गिरणीत बोलून दाखवलं आणि संपूर्ण गाव सल्लागार झालं.

*

पहिले सल्लागार किसनतात्या. आमच्या शेजारचे. त्यांचा डबा लाईनीत असो वा नसो, ते असतात.

तेव्हा आमच्या गावात विजेचे खांब होते, पण वीज नव्हती. निवडणुकीच्या आधी खांब आले, निवडणूक झाली आणि तारा यायच्या राहिल्या. तात्यांच्या दारातल्या खांबाला ते आपली म्हैस बांधायचे. म्हणायचे, "सरकारनं खुंटा दिलाय. लई मजबूत!"

तर तात्या अण्णांना म्हणाले, "गावात दिवा न्हाई आन पोरगं वायरमन? उद्या म्हनशील, नावाडी करतो!"

अण्णा म्हणाले, "खांब आलेत, तारा बी येतील."

"येऊ दे की. पर येक सांग. चंद्री दिवसाला चार शेर दूध देती. तुझा दत्तू दिवसाला किती देनार?"

गिरणी हसली. दादा इंजिनात डिझेल ओतत होता. त्याने निम्मं बाहेर सांडलं.

*

मग आमचे गुरुजी आले. गुरुजी दळायला आलेल्या गव्हाकडेसुद्धा उत्तरपत्रिकेसारखे बघतात.

"मॅट्रिक झालेल्या मुलाने पक्कड धरायची? छे! त्याला बी.ए. करा. बी.ए. म्हणजे डोक्याचं काम."

अण्णांनी विचारलं, "गुरुजी, तुमचा पुतण्या बी.ए. झाला न्हवं? काय करतोय आता?"

गुरुजींनी डब्याचं झाकण दोनदा लावून बघितलं.

"सध्या विचार करतोय," ते म्हणाले.

"किती दिवस झालं?"

"तिसरं वर्ष."

डोक्याचं काम असल्यावर वेळ लागणारच!

*

पाथर्डीहून आत्या आली. तिने हिशेब वेगळ्याच बाजूने मांडला. दोन वर्षांचा खर्च एका बाजूला आणि दादाच्या लग्नात मुलीकडचे काय देतील ते दुसऱ्या बाजूला. मॅट्रिक मुलाला घड्याळ. सर्टिफिकेटवाल्याला घड्याळ आणि सायकल. नोकरी लागली तर रेडिओसुद्धा!

"धाड त्याला," आत्या म्हणाली. "लई फायद्याचं हाय."

दादा लाजत म्हणाला, "आत्या, दोन वर्षं शिकायचंय अजून."

"दोन वर्षं?" आत्याचा चेहरा पडला. "सा म्हैन्याचा न्हाई का रे? लग्नापुरतं सर्टिफिकेट घ्यायचं, बाकीचं शिकायचं कशाला?"

*

अखेर अण्णांनी चंद्रीला घोडेगावच्या बाजारात नेलं. जाताना आईने तिच्या कपाळाला हळदकुंकू लावलं आणि आत जाऊन चुलीपुढे बसली. अण्णा रिकामा कासरा खांद्यावर टाकून परत आले.

त्या दिवसापासून आमच्या घरी चहा कोरा झाला. तात्यांना आमच्याकडचा चहा सोडवत नाही. पहिल्या दिवशी त्यांनी कपात वाकून बघितलं आणि म्हणाले, "दत्तूचं शिक्षण सुरू झालं वाटतं!"

*

दादा दिवाळीला पहिल्यांदा घरी आला. तो एस.टी.तून उतरायच्या आत गिरणीत तीन बॅटऱ्या, एक बंद पडलेला ट्रान्झिस्टर आणि गुरुजींचं गजराचं घड्याळ दुरुस्तीला येऊन पडलं होतं.

दादाने ट्रंक उघडली. सगळे वाकले. त्यातून त्याने काडेपेटीएवढा लोखंडाचा एक गुळगुळीत तुकडा काढला.

"हे काय?"

"जॉब. कानशीनं घासून चारी बाजू काटकोनात आणायच्या."

"आन वीज?"

"ती पुढं हाय. आत्तापर्यंत हेच शिकवलं."

तात्यांनी तो तुकडा चंद्रीची कास बघावी तसा उलटसुलट करून पाहिला.

"म्हैस विकून लोखंड घासायला धाडलं व्हय! आपला लोहार तर घासाय येनाऱ्याला वर चहा पाजतो. दुधाचा!"

दादाने तुकडा माझ्या हातात दिला. खरंच चारी बाजू काटकोनात होत्या. मी तो पट्टीने आणि कंपासपेटीतल्या गुण्याने मोजून बघितला. कोणी मला विचारलं नाही म्हणून मी सांगितलं नाही.

*

मग दुष्काळ पडला. विहिरी आटल्या, चारा संपला. घोडेगावला जनावरं मातीमोलाने जाऊ लागली. तात्यांनी आपली म्हैस सरकारी चारा छावणीत नेऊन बांधली. रोज डबा घेऊन ते तिला भेटायला जायचे.

एक दिवस छावणीत चारा आला नाही म्हणून तात्या गिरणीत येऊन सरकारला शिव्या देत होते.

अण्णा जात्याच्या पाळूला, म्हणजे दगडाला, छिन्नीने टाके घालत होते. मान वर न करता म्हणाले, "आमची म्हैस नगरला खोलीवर ऱ्हाती. खानावळ चालू हाय."

त्या दिवशी तात्यांनी चहा घेतला नाही.

*

पाऊस झाला. दादा सर्टिफिकेट घेऊन आला. साखर कारखान्यात अर्ज केला आणि पोस्टमनची वाट बघत बसला. तात्यांच्या म्हशीला दूध आलं आणि तात्यांना पुन्हा बोलणं आलं. "काय दत्तू? आटलास का अजून द्याचा हायेस?"

दादा हसायचा. घरात आल्यावर हसायचा नाही. आई त्याच्या कपात साखर जास्त घालायची.

आणि दसऱ्यानंतर तारा खरोखर आल्या! आधी विहिरींवर मोटारी बसल्या, पहिली तात्यांची. म्हशीला नवा खुंटा ठोकावा लागला हे एक दुःख, आणि दुसरं म्हणजे मोटार नुसती घरघरायची, पाणी करंगळीएवढं. तात्या म्हणाले, विहीरच खोटी. पाणी शोधणारा पानाड्या आणला. त्याने नारळ फिरवून 'पाणी अजून दोन पुरुष खाली' असं सांगितलं. विहीर खोल करायला तात्यांनी सुरुंगवाल्याला विसार म्हणून आगाऊ पैसे दिले.

*

मग आमच्या गिरणीत मोटार आली. जोडणारी माणसं तारा जोडून घाईने दुपारची एस.टी. पकडून गेली. सारं गाव जमलं. अण्णांनी नारळ फोडला, खटका दाबला. मोटार फिरली, पट्टा फिरला, जातं फिरलं. आणि डब्यात पीठ पडायच्या जागी भरडा पडला!

"मोटर उलटी फिरतीय," दादा म्हणाला आणि हत्यारं आणायला घरात पळाला.

तो येईपर्यंत अण्णांनी खटका बंद केला, पट्टा उतरवला आणि इंग्रजी आठाच्या आकड्यासारखा तिरका करून परत चढवला. मोटार उलटीच, पण जातं सुलटं! पांढरंशुभ्र पीठ पडू लागलं.

दादा टेस्टर घेऊन दारात उभा.

तात्यांनी मांडीवर थाप मारली. "दोन वर्सं आन येक म्हैस! आन काम झालं पट्ट्याच्या पिळानं! फुकटात!"

गिरणी इतकी हसली की मोटारीचा आवाज ऐकू येईना. दादा तिथेच उभा राहिला. मला खडूने नंबर नीट घालता आले नाहीत.

अण्णांनी ते एक दळण संपवलं. मग मोटार बंद केली, पट्टा पुन्हा उतरवला आणि दादाला म्हणाले, "आता तुझ्या पद्धतीनं कर."

दादाने मेन स्विच पाडला, टेस्टर लावून बघितला, मोटारीची पेटी उघडली आणि दोन वायरींच्या जागा बदलल्या. पट्टा सरळ चढला. पीठ तसंच पांढरंशुभ्र.

"मगाशी चालत हुतं की!" तात्या म्हणाले.

"तिरका पट्टा घासून म्हैन्यात तुटतो," अण्णा म्हणाले. "दर म्हैन्याला म्हैस कुठनं आनू?"

तात्या हसले नाहीत. मोटारीजवळ जाऊन ते वाकून बघू लागले.

"दत्तू, उलटी फिरली म्हंजी... इहिरीवरची बी फिरत आसंल का रं?"

*

दुसऱ्या दिवशी दादा टेस्टर घेऊन तात्यांच्या विहिरीवर गेला आणि मी शाळेला निघायच्या आत परतसुद्धा आला. शाळेच्या वाटेवर मला तात्यांचा पाट दिसला. पाणी मनगटाएवढं पडत होतं आणि तात्या सुरुंगवाल्याकडे विसार परत मागत होते.

"किती घेतलेस?" संध्याकाळी आईने दादाला विचारलं.

"दोनच वायरी हुत्या. काय मागणार?"

आईने चुलीवरून भांडं उतरवलं. कोरा चहा गाळला.

तिसऱ्या दिवशी रविवार होता, गिरणीत गर्दी. तात्या आले. एका हातात दळणाचा डबा, दुसऱ्या हातात फडक्याने झाकलेली चरवी. डबा त्यांनी लाईनीत ठेवला. चरवी माझ्या शेजारी ठेवली, हळूच, कोणाचं लक्ष जाणार नाही अशी. मी सवयीने तिच्यावरही नंबर घालणार होते.

अण्णा हात झटकत आले. फडकं उचलून आत बघितलं. दुधावरचा फेस अजून बसला नव्हता.

"तात्या," अण्णा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "हे सकाळचं झालं. आमची चंद्री सांजचं बी द्यायची!"