पडद्यामागचे प्रश्न

माझी थोरली बहीण ज्या दवाखान्यात नोकरीला होती, तिथे आजारी माणूस औषधालाही सापडायचा नाही. यायच्या त्या सगळ्या धडधाकट बायका. कुणाला पोट आत हवं, कुणाला छाती पुढे हवी, कुणाला ओघळलेली वर उचलून हवी. डॉक्टर त्यांना उभं करून अंगावर पेनाने रेघा ओढायचे, शिंपी कापडावर खडूने ओढतो तशा. मग "काही विचारायचंय?" म्हणत घड्याळाकडे बघायचे. बायका नाही म्हणून मान हलवायच्या. डॉक्टर बाहेर गेले की त्यांना वाचा फुटायची, आणि खरे प्रश्न ताईच्या वाट्याला यायचे.

खूप दुखतं का? व्रण कुठे राहतो? पोटाची चरबी काढली की ती दुसरीकडे जाऊन बसत नाही ना? पुढे मूल झालं तर अंगावर पाजता येईल का? एकीने तर छातीत घातलेलं ते विमानात बसल्यावर फुटतं का, असंही विचारलं होतं. आणि जवळजवळ प्रत्येकीचा शेवटचा प्रश्न, दाराकडे बघत, हळू आवाजात: नवऱ्याच्या हाताला कळेल का? ताईची सगळी उत्तरं पाठ होती. ती खोटं बोलत नसे, पण खऱ्यातलं सोयीचं तेवढं वेचून द्यायची. हे जन्मभर टिकतं का, असं कुणी विचारलं की म्हणायची, "माझ्याकडे बघा ना."

कारण तिने स्वतः करून घेतलं होतं. दोन बाळंतपणांनंतर भाऊजींनी एकदा चारचौघांत विनोद केला, की हिचं सगळं आता उतरणीला लागलंय. सगळे हसले, तीही हसली. आणि पुढच्याच महिन्यात डॉक्टरांना म्हणाली, माझंही करा. डॉक्टरांनी फुकट केलं. फुकटचं शेवटी किती महाग पडतं, हे त्या माणसाला पक्कं ठाऊक होतं. तेव्हापासून ताई तिथला पगारी नमुना झाली. एखादी बाई फारच कां-कू करायला लागली की डॉक्टर हसून म्हणायचे, आमच्या ताईंना विचारा. मग ताई पडदा ओढायची, ब्लाउजची बटणं काढायची आणि दाखवायची. परक्या बायका वाकून बघायच्या, बाजारात टोमॅटो दाबतात तसं दाबूनही बघायच्या. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हटलं, तुला लाज कशी वाटत नाही? तर म्हणते, "लाज कसली? ते माझं थोडंच आहे?"

काही वर्षं बरी गेली. मग उजवी बाजू कडक व्हायला लागली. आत घातलेल्या परक्या वस्तूभोवती शरीर आपलं कुंपण घालतं, आणि एखादीच्या बाबतीत ते कुंपण आवळत जातं. डॉक्टर म्हणाले, होतं असं काहींना, पुढच्या वर्षी बदलून टाकू. ते पुढचं वर्ष काही उजाडलं नाही. ताईने आग्रहही धरला नाही, कारण भाऊजी तेव्हा काम सुटून घरी बसले होते आणि घर तिच्या पगारावर चाललं होतं. ती उजव्या कुशीवर झोपेनाशी झाली. पडद्यामागे ब्लाउज अर्धाच उघडायला लागली, फक्त डावीकडचा. बघणाऱ्यांना वाटायचं, बाई मर्यादशील आहे.

अशात माझी लेक तिथे जाऊन धडकली, मला न सांगता. चांगली शिकलेली, कमावती पोरगी, पण कपड्यांच्या दुकानातल्या आरशासमोरून दर वेळी रडवेली होऊन बाहेर यायची. मी तिला हजारदा सांगितलं, अगं, आपल्याकडच्या सगळ्याजणी अशाच सपाट, कुणाचं काही अडलं का? पण आईचं सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

डॉक्टर रेघा ओढून गेले. भाचीला समोर बघून ताईने पाठ केलेली उत्तरं बाजूला ठेवली. तिने पडदा ओढला, या वेळी सगळी बटणं काढली, आणि पोरीचा हात धरून उजवीकडे ठेवला.

"लागतंय ना हाताला? रात्रंदिवस हे असंच असतं. तू कपडे घाल आणि घरी जा."

पोरगी घाबरली खरी. पण पडली सुशिक्षित. मनात शंका ठेवू नये, डॉक्टरांना विचारावं, असं तिने कुठेतरी वाचलेलं. तिला वाटलं, आपण विषय काढला तर मावशीचंही दुरुस्त करून देतील. म्हणून तिने सरळ आत जाऊन विचारलं, की मावशीसारखं माझं झालं तर? डॉक्टर जराही चिडले नाहीत. त्यांनी गोड शब्दांत समजावलं, की असं थोड्यांनाच होतं, मावशींनी आम्ही सांगितलेली काळजी घेतली नसेल, तुम्ही काळजी करू नका. पोरीला पटलं. तिला पटून घ्यायचंच होतं.

महिनाअखेरीला डॉक्टरांनी ताईला घरी बसवलं. दमलात आता तुम्ही, म्हणाले. आणि त्यानंतर लवकरच माझ्या लेकीने करून घेतलं. छान दिसायला लागली, खोटं कशाला बोलू? चालण्यात ऐट आली. ते बघून डॉक्टरांनी तिला ताईची रिकामी खुर्ची देऊ केली, आधीच्या नोकरीपेक्षा जास्त पगारावर. तिने घेतली. मी तिच्याशी बोलणं टाकलं. ताई मात्र म्हणाली, घेऊ दे गं, कुणीतरी बसणारच होतं ना तिथे. तिचा हा समजूतदारपणा मला आजही सहन होत नाही.

परवा मी ताईकडे बसले होते, आणि लेक आली. खांदा आत घेऊन खुर्चीच्या कडेला तिरकी बसली. ताईने एकदाच बघितलं आणि काय ते ओळखलं. मला उमगायला जरा वेळ लागला. मग वाटलं, आता ही रडेल, तुझं ऐकायला हवं होतं म्हणून मावशीच्या गळ्यात पडेल. त्या क्षणाची मी किती वाट बघत होते, हे तेव्हा मला कळलं, आणि माझीच मला किळस आली. पण ती रडली नाही.

"डॉक्टरांना अजून सांगितलं नाहीये," ती म्हणाली. "मावशी, बायका हात लावून बघायला लागल्या की तू काय करायचीस?"

मला वाटलं, ताई हिला हाकलून देईल. निदान दोन शब्द सुनावेल. ताई उठली, दार लोटून घेतलं, आणि माझ्या लेकीला शिकवायला लागली. उजेडाकडे कुठली बाजू करायची, बाईचा हात पुढे आला की तो आपणच धरून कुठे न्यायचा, दुखलं तर चेहरा कसा ठेवायचा. एवढं मन लावून तिने मला कधी काही शिकवल्याचं आठवत नाही. सगळं सांगून झालं.

"आणि आपलं कुणी येणार आहे असं कळलं," ती म्हणाली, "तर त्या दिवशी रजा टाकायची."