मधली काच

आमची वहिनी काचेची डिझाइनं करते आणि काळजी करते. दुसरं काम पहिल्यापेक्षा जास्त मन लावून करते. कुणाला घरामागे नवी खोली काढायची असते, भिंतीऐवजी काच हवी असते. ती काच केवढी, दार कुठं, ऊन किती आत येणार, पाणी कुठून शिरणार, हे सगळं ती कागदावर ठरवते आणि मी माणसं घेऊन जाऊन काच बसवतो. दादाचा यात काही संबंध नाही. तो बँकेत असतो आणि आमच्या दोघांच्या भांडणात कधी पडत नाही.

आमचे कारागीर तिला ‘काळजी कंपनी’ म्हणतात, तेही तोंडावर. ती हसते आणि विचारते, “पण खालचं रबर लावलंत ना?” काच गाडीत चढली की तिचा फोन, उतरली की फोन. एकदा मी वैतागून म्हटलं, “वहिनी, काच पोचली, मीही पोचलो. माझी चौकशी कधी करत नाहीस!” तर म्हणते, “तुम्ही तडकलात तर ऐकू येतंच की, भाऊजी.” आता या बाईपुढे काय बोलायचं?

तिची एक रीत आहे. पेन्सिल उचलायच्या आधी ती त्या घरात जाऊन कोपऱ्यात नुसती स्टुलावर बसते. घरची माणसं कुठून उठतात, कुठून जातात, हातात काय असतं, हे बघते आणि फरशीवर खडूनं रेघा ओढते. जिकडे पावलं जास्त, तिकडे दार. सुरुवातीला मी तिची टर उडवायचो. पण तिनं ठरवलेलं दार चुकलंय असं मला एकाही गिऱ्हाइकानं सांगितलेलं नाही. वकीलबाईंच्या घरापर्यंत तरी नाही.

वकीलबाई म्हणजे नावाप्रमाणेच. आपण अर्धं वाक्य बोलावं आणि त्यांनी उरलेलं खोडून काढावं. घरात त्या आणि त्यांचे वडील, दोघंच. आजोबा शिंपी होते. जन्मभर घरातच मशीन चालवलं. अलीकडे ते जरा विसरायला लागले होते. जरा, हे वकीलबाईंचं म्हणणं. घराच्या मागच्या भिंतीत मधोमध एक जुनं लाकडी दार होतं, ते भिंतीसकट पाडून पुढे नवी खोली निघणार होती. वकीलबाईंचा हट्ट एकच. मधोमध अख्खी काच, मध्ये पट्टी नको, समोरचं झाड पूर्ण दिसलं पाहिजे. दार सरकतं, डावीकडे.

वहिनी रीतीप्रमाणे स्टुलावर बसायला गेली, पण धुळीचा त्रास नको म्हणून आजोबांना तेव्हा मुलाकडे पाठवलेलं. तिनं विचारलं, “आजोबा बागेत कुठून जातात?” वकीलबाई म्हणाल्या, “जिथं दार असेल तिथून जातील, आणखी कुठून जाणार?” बिनतोड मुद्दा. वहिनीनं मान डोलावली आणि डिझाइन करून टाकलं.

चौकट बसली. मधल्या मोकळ्या जागेत आम्ही प्लास्टिक टांगलं. त्याच दिवशी आजोबा घरी परत आले. आले, खुर्चीत बसले, थोड्या वेळानं उठले आणि सरळ मधोमध चालत जाऊन प्लास्टिक बाजूला सारून बाहेर पडले. डावीकडे उघड्या दाराकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही.

वहिनीच्या तोंडचं पाणी पळालं. माझी बाही ओढत म्हणाली, “भाऊजी, ते मधून गेले.”

“जाऊ देत की.”

“अहो, मध्ये काच येणार आहे!”

तिनं तिथूनच कारखान्याला फोन लावला. काच भट्टीतून निघालीसुद्धा होती. एकदा भाजून कडक केलेल्या काचेला कापता येत नाही, भोक पाडता येत नाही. हत्यार लावलंत की अख्खी काच चुरा. वहिनीनं फोन ठेवला आणि तिथंच सिमेंटच्या पोत्यावर बसली.

मग धीर करून वकीलबाईंशी बोलली. म्हणाली, दार मध्ये घेऊ या, पक्की काच डावीकडे, माझी चूक आहे, मी निस्तरते. वकीलबाई म्हणाल्या, “आणि झाड? बाबांना एकदा सांगितलं की कळतं.” वहिनी म्हणाली, निदान डोळ्यांच्या उंचीवर दुधी पट्टी तरी चिकटवू, काच आहे हे कळेल. यावर त्या अशा काही भडकल्या! “पट्टी? माझे बाबा काय लहान मूल आहेत? त्यांना काही झालेलं नाहीये!” शेवटचं वाक्य इतक्या मोठ्यानं आलं की बाहेर रेती चाळणारा थांबून बघायला लागला. मला खरं तर राग आला. पण बाईंचा आवाज फाटला होता, तो ऐकून मी बाहेर जाऊन रेतीवाल्याला कामाला लावलं.

त्यानंतर वहिनीचं जेवणात लक्ष नाही. भाजीत मीठ विसरते, दादाला हाक मारते आणि कशासाठी ते विसरते. मी समजावलं, “अगं, दुहेरी जाड काच आहे. म्हातारा माणूस धडकला तरी फुटायची नाही.”

“तेच तर म्हणते,” ती म्हणाली. “काच नाही फुटणार. ते फुटतील.”

“तू डिझाइन करतेस, पहारा देत नाहीस!”

“मी त्यांना चालताना बघितलंच नाही, भाऊजी. बघायला हवं होतं.” तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मी उगाच चप्पल शोधायला लागलो. घोर तिच्या जिवाला आणि झोप माझी उडालेली.

काच बसवायचा दिवस उजाडला. काचेला चिकटून बसणाऱ्या व्हॅक्यूमच्या मुठी लावून आम्ही काच उचलली, चौकटीत उभी केली, कडा भरल्या. वहिनीनं स्वतः काचेवर पिवळ्या चिकटपट्टीची भली मोठी फुली मारली. काच नवी असेपर्यंत आमच्या धंद्यात ती काढत नाहीत. मग बाहेरची कड तपासायला ती बागेत गेली. मी आत, उजव्या कोपऱ्यात शिडीवर.

एवढ्यात वकीलबाईंनी फोटोसाठी ती फुली खरवडून काढली. वर ओल्या फडक्यानं काच पुसलीही. मी म्हटलं, “बाई, राहू द्या.” तर म्हणाल्या, “दोन मिनिटं!” आणि मागे जाऊन मोबाइल धरून उभ्या राहिल्या. काच कुठं आहे हे मलाही शिडीवरून सांगता आलं नसतं. तेवढ्यात आजोबा खुर्चीतून उठले.

“आजोबा, थांबा!” मी ओरडलो. ते थांबले नाहीत. त्यांच्या चालीत घाई होती. बाहेरून वहिनीनं त्यांना बघितलं आणि दोन्ही तळवे काचेवर आपटायला लागली. तोंड उघडून ओरडत होती, पण तिचा शब्द आत येत नव्हता. आवाज अडवणारी काच तिनंच निवडली होती, आणि दारही लोटलेलं होतं. मी शिडीवरून उडी टाकली. अंतर लांब होतं, मी पोचणार नव्हतो.

आणि काचेपाशी येऊन आजोबा आपले आपण थांबले. त्यांचा हात पुढे झाला, छातीच्या उंचीवर, आणि काचेवरून फिरायला लागला. वर, खाली, पुन्हा वर. आम्ही घाबरत होतो की त्यांना तिथं मोकळी वाट दिसेल. त्यांना तिथं दार दिसत होतं, बंद दार. ते कडी शोधत होते.

कडी सापडेना तशी त्यांची बोटं घाबरी झाली. मागे वळून ते लेकीला अदबीनं म्हणाले, “बाई, जरा बघता का? इथली कडी कुणी काढली? माझी मुलगी शाळेतून येईल एवढ्यात. दार लागलेलं दिसलं की रडते हो ती.”

वकीलबाईंचा मोबाइल धरलेला हात खाली आला. डावीकडचं दार सरकवून त्या बाहेर पडल्या, वहिनीशेजारी येऊन काचेसमोर उभ्या राहिल्या, आणि बोटाच्या पेरानं काचेवर टकटक केलं.

आजोबांचा चेहरा खुलला. “आली!” ते मला म्हणाले. मी त्यांच्या कोपराला धरून त्यांना डावीकडे नेलं. सरकतं दार बाईंनी उघडंच टाकलं होतं. ते मी हळूच लोटून घेतलं, म्हणजे त्यांना उघडता येईल. त्यांनी ते उघडलं. लेक समोर आली. त्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवून दप्तर चाचपलं, ते नव्हतं, आणि तिला आत घेतलं.

वकीलबाई त्यांचा हात धरून खुर्चीपर्यंत गेल्या, त्यांना बसवलं, त्यांच्या पायांशी फरशीवर बसल्या. मग वहिनीकडे न बघताच म्हणाल्या, “दार मध्ये घ्या. आणि त्याला कडी लावा, जुन्या दारासारखी, हाताला लागेल अशी.”

नवी चौकट, नवा रूळ, सगळं पहिल्यापासून. मी तोंड उघडणार होतो, पण वहिनी आधीच काचेपाशी गुडघे टेकून बसली होती. आजोबांचा हात जिथं फिरला होता तिथली उंची तिला मोजायची होती. मी टेपचं दुसरं टोक धरलं.