नववी काडी

मंडळी, नाशिकसारख्या शहरात आइस्क्रीमच्या नुसत्या काड्या मिळू नयेत? त्यासाठी मला रोज आइस्क्रीम खावं लागतं. मी जाहीर निषेध नोंदवते.

काड्या नवऱ्यासाठी लागतात. गुटख्याने तोंडाचा कॅन्सर झाला, रेडिएशनने जबडा आखडला. आता रोज दातांमध्ये एकावर एक काडी सरकवत तोंड उघडायचं. वीस वर्षं ज्याला 'तोंड आवरा' म्हणाले, त्याच्यापुढे बसून 'उघडा, उघडा' म्हणते.

"नववी गेली तर दिवसभर टोमणा मारणार नाही," असं सकाळी मी कबूल केलं. डोळ्यांतून पाणी आलं त्याच्या, पण नववी गेली.

दुपारी सायखेड्याहून धाकटे दीर आले, गालात पुडी धरूनच.

"वहिनी, लय वाईट झालं बघा. दादाला धीर द्या."

"भाऊजी, आधी चूळ भरा. आणि या धुतलेल्या काड्या लावून बघा, गंमत म्हणून."

रेडिएशन न घेता, नुसत्या गुटख्याने त्यांचीही दहावी जाईना. आधी हसले, मग पुन्हा जोर लावून पाहिला. नवरा भिंतीकडे बघत बसला.

माझ्या तोंडात वीस गेल्या. तुमच्या किती जातात?

'मी सांगत होते' हे वाक्य दोघांसाठी जिभेवर तयार होतं. पण शब्द दिला होता. दिरांना डॉक्टरांचा नंबर लिहून दिला आणि गप्प बसले.