जांभळा नव्हे, अंजिरी

गेली सहा वर्षं मी मराठीत एक पुस्तक लिहिते आहे, बायझंटाइन साम्राज्यातल्या कोम्निनोस घराण्यावर. नागपुरात सिव्हिल इंजिनिअर झालेल्या बाईला हे उद्योग कोणी सांगितले, असं इथल्या टोरांटोच्या मराठी मंडळातले लोक विचारतात. कोणी नाही, मला आवडतं! पण सप्टेंबरात डॉक्टर म्हणाले, उजवा डोळाही दृष्टी गेलेल्या डाव्याच्या वाटेने निघालाय. पुस्तकातला एक दगड मला स्वतः बघायचा होता. तो मॉन्ट्रियलच्या एका छोट्या संग्रहालयात आहे. म्हटलं, आत्ता नाही तर कधीच नाही.

शनिवारी सकाळी सहाला टोरांटोच्या पश्चिम टोकाचं आमचं एटोबिको सोडलं. माझी मुलगी रेवा गाडी चालवत होती. टोरांटोची गर्दी टाळायची तर हीच वेळ पाळा. थांबत गेलो तर सहा तास लागतात. किंग्स्टनजवळ घरचे मेथीपराठे खाल्ले. क्यूबेकमध्ये पाट्या फ्रेंच आहेत. ‘सॉर्ती’ म्हणजे बाहेर पडायचा रस्ता, एवढं घोकून ठेवा, नाहीतर आमच्यासारखे एकच पूल दोनदा ओलांडाल.

वाटेत रेवाने माझ्या कोम्निनोसांबद्दल विचारलं, "सो व्हॉट हॅपन्ड टू देम? शॉर्ट व्हर्जन, आई."

सांगितलं. एका सेनापतीने गादी बळकावली आणि मोडकळीला आलेलं राज्य सावरलं. मुलाने ते वाढवलं, नातवाने थाटात मिरवलं. पणतू पोरवयात गादीवर आला, तर बापाच्या चुलतभावाने त्याचा गळा आवळला आणि स्वतः राजा झाला. दोनेक वर्षांत जमावाने त्याचेही हाल हाल केले. शंभर वर्षांत खेळ खलास.

"दॅट्स डार्क."

"डोळे काढणं तर नेहमीचंच. आंधळ्याला गादी मिळत नसे."

तिने हात लांबवून माझ्या बाजूची ऊन अडवायची झडप खाली ओढली.

संग्रहालयात सीनियरना तिकिटात सवलत आहे, पण मागावी लागते. राणीची बाळंतपणाची खोली पॉर्फिरी नावाच्या दगडाने मढवलेली असे, म्हणून तिथल्या राजपुत्रांना ‘जांभळ्यात जन्मलेले’ म्हणायचे. निदान मी तरी पुस्तकभर तसं लिहिलंय, इंग्रजीतलं ‘पर्पल’ वाचून. काचेमागे त्या दगडाचा हातभर तुकडा होता. मी उजवा डोळा काचेला जवळजवळ चिकटवला. पहाऱ्यावरची बाई आली. वाटलं, आता ओरडणार.

"प्रने व्होत्र ताँ, मादाम."

"शी सेज टेक युअर टाइम," रेवा म्हणाली.

जांभळा कुठला! लालसर, काळपट, वर पांढरे ठिपके. साडीच्या दुकानात या रंगाला आपण सरळ अंजिरी म्हणतो. सहा वर्षं चुकीचा शब्द लिहीत होते! आधी स्वतःचा राग आला, मग इतका आनंद झाला की तिथेच रडले.

रविवारी संध्याकाळी घरी पोचलो. आता अक्षरं स्क्रीनवर पोहतात, तरी पुस्तक नाताळाआधी संपवणार, दिसो वा न दिसो. तसं मी बोलून दाखवलं. घरात मला इंग्रजीतच उत्तर देणारी रेवा उठली आणि लॅपटॉप पुढ्यात ओढून बसली.

"स्लोली सांग हं, आई. अंजिरी... वेलांटी पहिली की दुसरी?"

"‘जि’ला पहिली, ‘री’ला दुसरी. चल, पुढचं पान."